जोडी हाय

चकलांबा, ता. गेवराई
सोमवार, २३ सप्टेंबर २०२४

चि. अजिनाथ यास,

अक्काचा आशीर्वाद. मंगलला आणि घरातल्या लहानथोरांना विचारलं म्हणून सांग. मी बरी आहे, पायाला सूज आहे तेवढी सोडून. शेळ्या बऱ्या आहेत. तुझी शिवकन्या खुशाल आहे, पोटभर जेवलेली आहे. तिचं पुढं लिहितेच.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर मी तुझं नाव घेईपर्यंत तू आरडायला लागतोस आणि माझं अर्धं बोलणं तोंडात असताना फोन ठेवून देतोस. कागद फेकून दिलास तरी घरातच राहतो, राग उतरल्यावर उचलता येतो. म्हणून शाळेतल्या पोरांची खिचडी उरकून, तिथंच चुलीजवळ बसून लिहिते आहे. दुधाच्या गाडीवरचा अभिमन्यू उद्या सकाळी तुमच्या शिरूरला जातो, त्याच्या हाती देईन. सगळं वाच. मधूनच उठून मोटारसायकलला किक मारू नकोस.

आधी कालच्या सहलीचं सांगते, कारण ती तुझीच कल्पना. पितृपंधरवड्यात मुलगी बघत नाहीत, आणि दसऱ्याला तर हळद लावायची, मग मधल्या मधे आसारामच्या आईनं, जानकीबाईंनी, पोरीला नजरेखालून कधी घालायचं? त्यावर तू हा तोडगा काढलास. आमच्या बचत गटाची बस महाबळेश्वरला निघालीच होती, तिच्यात जानकीबाईंचं नाव घुसवलंस, शिवकन्येचं घुसवलंस, आणि आत्या म्हणून मला सोबतीला बसवलंस. पोरीला काही सांगायचं नाही, हेही मलाच बजावलंस. जानकीबाई भेटल्या भेटल्या मला म्हणाल्या, "हे बघनं न्हाई बरं का वनमालाबाई. आपली नुसती सहल." मी बरं म्हणाले. अख्ख्या बसला ठाऊक होतं, एक शिवकन्या सोडून.

सहलीचं नाव होतं 'इंग्रजकालीन थंड हवेचं ठिकाण, मार्गदर्शकासह एक दिवस'. मार्गदर्शक म्हणजे आपल्याकडचाच लखन. लाल टोपी, गळ्यात शिट्टी, हातात भोंगा. गेल्या हंगामापर्यंत हा बापाच्या ऊसतोडीच्या टोळीवर हजेरी घ्यायचा. बाप मुकादम. त्यामुळे त्याला माणसं डोक्यांनी मोजताच येत नाहीत. टोळीत कसं, नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमानं एकाला विचारलं आणि तो 'हाय' म्हणाला की दोघं आले असं धरतात. ह्यानंही तेच चालवलं. सीटवर दोघी बसल्या की ती एक जोडी, आणि दर ठिकाणाहून निघताना भोंग्यातून विचारायचं, "सारजाबाई, जोडी?" गटातल्या सारजाबाईनं म्हणायचं, "हाय." मी पहाटेच त्याला म्हणाले, "लखन बाबा, डोकी मोज. अशानं एखादं म्हातारं डोंगरात ऱ्हाईल." तर म्हणाला, "मावशी, आजवर माझी एक जोडी चुकली न्हाई." त्याच्याशी कोण डोकं लावणार.

आणि तिथं बघायला काय होतं, ते ऐक. धुकं. पहिल्या पॉइंटला धुकं, दुसऱ्या पॉइंटला धुकं, तिसऱ्याला धुकं आणि बारीक पाऊस. शंभर पावलं चिखल तुडवत कठड्यापाशी जायचं, तिथं पांढरं फटक, आणि लखन भोंगा लावून सांगणार, "इथून समोर कृष्णेचं खोरं दिसतंय, खाली धरणाचं पानी दिसतंय, बगून घ्या." सारजाबाईनं डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, "मला तर लखन बी दिसंना." रात्रभर बसमधे मोडून घेतलेलं अंग, ओल्या चपला, आणि त्यात दर कड्याला कुठल्यातरी साहेबाचं नाव. आर्थर काय, विल्सन काय. आपल्याकडे टेकडीला एक तर देवाचं नाव असतं नाही तर नुसतं माळ म्हणतात. लखन म्हणाला, "साहेब लोक हितं उन्हाळ्यात हवा खायला यायचे." सारजाबाई म्हणाली, "आन् सकाळधरनं आमी बी तीच खायलो. नाष्ट्याचं बघ की बे." स्ट्रॉबेरी खायची म्हणून ती घरून डबा घेऊन आली होती. सप्टेंबरात स्ट्रॉबेरी नसते हे लखननं तिला बाजारात पोचल्यावर सांगितलं.

एका कड्याला तर साहेबाच्या लेकीचं नाव. केट म्हणे. लखननं सांगितलं, साहेबाला मुलगी लाडकी होती, म्हणून हा पॉइंट तिच्या नावानं. शिवकन्येनं मला हळूच विचारलं, "ती हितं आलती का पन कदी?" लखनला ते ठाऊक नव्हतं. ते विचारायचं एकट्या पोरीला सुचलं. इतर बायका फोटो काढत होत्या, ही दगडी बंगल्यांची कौलं बघत होती, चर्चच्या दारावरचं वाचत होती, आणि कुठं दवाखान्याची पाटी दिसली की मान वळवून मागं बघत होती. ते मला दिसत होतं. जानकीबाईंना दुसरंच दिसत होतं.

आता अजिनाथ, एक गोष्ट आपण दोघं बोलायचं टाळतो, ती लिहूनच टाकते. वाईच्या नर्सिंगच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. आज सोमवार, नाव नोंदवायचा शेवटचा दिवस. तुला माहीत होतं, तिनंच सांगितलं होतं. तू म्हणालास, पुढल्या वर्षी बघू. दसऱ्याला हळद लागली, दिवाळी उसाच्या फडात झाली, की कुठलं पुढलं वर्ष. तू माझ्यापेक्षा जास्त हंगाम बघितलेत. मला सांग, हंगामाआधी जोडी जुळवायला म्हणून लग्न लावलेली एक तरी पोर परत शाळेत गेलेली तू बघितलीस का? मी नाही बघितली.

आसाराम पोरगा वाईट नाही. निर्व्यसनी आहे, आईला जपतो. जानकीबाईही वाईट नाहीत. गेल्या हंगामात मणक्यानं त्यांना धरलं, मोळी उचलत नाही, पोरगं एकटं पडलं. एकट्याला मुकादम टोळीत घेत नाही. हे सगळं मला समजतं, तू समजावून सांगायला नको. तुझी अडचण एवढीच की नारायणगडाच्या पायथ्याला चार माणसांत तू त्यांना पोरीचा शब्द देऊन बसलास, आणि तुझा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. लहानपणापासून असाच आहेस. चिंचा देतो म्हणालास की दुसऱ्याच्या झाडावर चढून द्यायचास.

दुपारचं सांगते. त्याचाच मला राग आहे, सहलीचं बाकीचं मी दोन दिवसांत विसरले असते.

जेवायला आम्हाला एका धबधब्याच्या खाली नेलं. वर गाडी, खाली पायऱ्या आणि घसरडी वाट. जेवण झालं. भाकऱ्यांचे डबे, ओली सतरंजी, पाण्याचा कॅन, आम्ही सगळ्या आपापलं घेऊन निघणार, तर जानकीबाईंनी सगळ्यांचं एकत्र करायला लावलं. सतरंजीत डबे बांधले, कॅन वर ठेवला, दोरीनं आवळलं. स्वतःच्या टॉवेलची चुंबळ वळली. मग हाक मारली, "शिवकन्ये, हे घे बरं बाळा डोक्यावर. आमाला म्हाताऱ्यांला न्हाई हुयाचं." मी म्हणाले, वाटून घेऊ. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. तरणं रगत हाय."

पोरीनं गुडघे वाकवून एका झटक्यात डोक्यावर घेतलं आणि चढायला लागली. जानकीबाई चढल्या नाहीत. खालच्या पायरीवर उभ्या राहून त्या तिच्या टाचांकडे बघत होत्या. पाय कुठं पडतो, कंबर हलते का, तोल सावरायला हात वर जातो का. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमधे चढायला ही पोर चालेल का, ते त्या बघत होत्या. मलाही असंच बघितलं होतं. माझ्या सासूनं लग्नाआधी विहिरीच्या पायऱ्यांवरून दोन घागरी आणायला लावल्या होत्या, तहान लागली म्हणून. मी पंधरा वर्षांची होते आणि मला वाटलं, यांना माझ्या हातचं पाणी गोड लागलं.

वर पोचल्यावर शिवकन्येनं गठुडं उतरवलं. तोंड लाल झालेलं. मला म्हणाली, "आत्या, बघ, एकदा बी हात लावला न्हाई." इतकी खूश होती, अजिनाथ. दमलेल्या बायकांचं ओझं आपण एकटीनं आणलं म्हणून खूश होती. मागून जानकीबाई धापा टाकत आल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "लई झ्याक. फळीवर चढंल पोरगी. आमाला पसंत हाय." आणि बाजारात घेतलेला स्वेटर तिच्या अंगावर टाकला.

आता जे लिहिते ते तुला कसं सांगू. सांगतेच. तुला मी 'पोटाचं ऑपरेशन' एवढंच सांगितलं होतं. तू पुरुष माणूस, धाकटा भाऊ, कसं बोलायचं म्हणून. माझी गर्भाची पिशवी काढलेली आहे. बत्तीस वर्षांची होते. फडात पाळीला सुट्टी नसते, बसलं की खाडा पडतो आणि तो जोडीतल्या दोघांचा पडतो. टोळीतल्या बायकांनी काढल्या म्हणून मीही काढली, आणि टाके ओले असताना परत मोळीखाली गेले. तेव्हापासून हाडं कुरकुरतात, अंगातून वाफा निघतात, आणि लोक म्हणतात वनमाला तापट आहे. तुझ्या बायकोचं, मंगलचंही तेच झालंय, हे तुला ठाऊक असेल. नसेल तर तिला विचार. शिवकन्येचं मी होऊ देणार नाही. हे वाक्य मी तिथं डोंगरावर, ओल्या चपलांत उभी असताना मनाशी म्हटलं, आणि आता तुला लिहून देते.

मग मी वाईला मोहिनी सिस्टरला फोन लावला. ह्या बाईचं तू नाव ऐकलंयस. त्या बाजूच्या कारखान्यावर आम्ही होतो तेव्हा पोरांना डोस पाजायला आमच्या पाचटाच्या कोपीवर यायची, माझ्या टाक्यांना तिनंच मलमपट्टी केली होती. आता ती नर्सिंगच्या मुलींच्या वसतिगृहावर आहे. यादीत नाव लागल्यावर मीच तिला विचारून ठेवलं होतं. निघताना माझ्या मनात काहीच नव्हतं असं लिहिलं तर खोटं होईल. थोडं होतं. धीर नव्हता, तो जानकीबाईंनी दिला.

तळ्याकाठी कणसं खाताना शिवकन्येला सगळं सांगितलं. बस कशासाठी, स्वेटर कशासाठी, गठुडं कशासाठी. तिनं अर्धं खाल्लेलं कणीस माझ्या हातात दिलं. म्हणाली, "म्हंजी मी चांगलं चढले म्हनून?" मी हो म्हणाले. मग म्हणाली, "मंग पाडायला पायजे होतं." नंतर रडली. मग मी विचारलं, वाईला उतरतेस का, तर म्हणाली, "आप्पाला काय सांगशील?" तिला स्वतःचं आधी सुचलं नाही, तुझं सुचलं. ती एकोणीस वर्षांची आहे. मी तिला ढकललं नाही. परत दोनदा विचारलं, दोन्ही वेळा हो म्हणाली.

उतरताना बस वाईत थांबली, गणपतीच्या दर्शनाला. घाटावर मोहिनी सिस्टर स्कूटी घेऊन उभी होती. पोर भर गर्दीत माझ्या पाया पडायला लागली. मी तिच्यावर खेकसले, आधी गाडीवर बैस म्हणाले. गेली. मी बसमधे येऊन खिडकीशी बसले, शेजारच्या सीटवर तिची चादर पसरली आणि तिच्यावर माझी पिशवी ठेवली. जानकीबाई पुढं होत्या, त्यांचे डोळे मिटलेले. लखननं भोंगा काढला. "सारजाबाई, जोडी?" हाय. "जानकीकाकू, जोडी?" हाय. "वनमाला मावशी, जोडी?"

मी म्हणाले, हाय.

लखननं शिट्टी वाजवली आणि बस निघाली. त्याला बोल लावू नकोस. तो बिचारा नंतर रडकुंडीला आला होता. त्यानं विचारलं आणि मी खोटं सांगितलं, यात त्याचा काही दोष नाही.

लोणंदच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा कळलं सगळ्यांना. जानकीबाईंनी बस डोक्यावर घेतली. बस मागं फिरवा म्हणाल्या, ड्रायव्हर फिरवीना. मला काय काय बोलल्या ते लिहीत नाही, त्यातलं बरंच खरं होतं. लोकांच्या लेकी पळवते म्हणाल्या. भावाचं नाक कापलं म्हणाल्या. सारजाबाई मधे पडायला लागली, तिला मी गप्प बसवलं. बोलून बोलून त्यांचा आवाज बसला. मग त्या माझ्या शेजारी, त्या रिकाम्या सीटवरच येऊन बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मुकादमाला जोडी सांगून बसलाव ओ. आता माझ्या पोरानं काय करावं, तुमीच सांगा." त्या आरडत होत्या तोवर मला सोपं होतं.

म्हणून मी त्यांना एक बोलले. त्यांनी माझ्याकडे वरून खालपर्यंत बघितलं, कंबरेचं विचारलं. मी म्हणाले, तुमच्यापेक्षा बरी आहे. त्या हो म्हणाल्या. उतरताना स्वेटर परत मागितला नाही. म्हणाल्या, "असू द्या पोरीला. तिकडं गारठा हाय."

आज दहाला शिवकन्येचं नाव नोंदलं गेलं. मोहिनीचा फोन आला होता. राहणं-खाणं तिथंच आहे. पण खरे कागद आठ दिवसांत दाखवले नाहीत तर नाव जाईल, आणि दहावी-बारावीचे कागद तुझ्या पेटीत आहेत, किल्ली तुझ्या करदोट्याला. तिथं माझं काही चालत नाही. तू वाईला जाऊन तिला हाताला धरून आणलंस तरी मी आडवी येऊ शकत नाही. तू बाप आहेस. म्हणून तर एवढं लिहिलं.

रागावशील. ये, माझ्या दारात उभा राहून आरड, गाव ऐकू दे. नंतर जेवून जा. शब्द मोडला असं मात्र मनाला लावून घेऊ नकोस. मोडलेला नाही. दसऱ्यानंतर टोळी निघेल तेव्हा आसारामच्या जोडीला मी जाणार आहे. हेच जानकीबाईंना बसमधे बोलले. हा एक हंगाम. पुढल्या हंगामापर्यंत ते त्यांचं बघतील. तुझे दाजी वारल्यापासून मी अर्धा कोयता म्हणून घरी बसले होते, तो आता कुणाच्या तरी पोराच्या कामाला येईल. खिचडीचं काम तेवढे दिवस सारजाबाई बघेल, शेळ्या तू घेऊन जा. यावर भांडायला येणार असशील तर येऊ नकोस, माझं ठरलंय.

अभिमन्यूच्या हाती दोन वस्तू पाठव. पेटीतले कागद. आणि माझा कोयता, तुझ्या पत्र्याच्या आढ्याला खोचलेला आहे. त्याला धार लाव आणि मूठ नवी बसव, जरा बारीक. जुनी आता माझ्या हातात सैल होते.

दोन्ही पाठव, अजिनाथ. नुसता कोयता पाठवू नकोस.

तुझ्या पोरीची आत्या आणि तुझी थोरली बहीण,
वनमाला